अंकुश, आंग्ल आणि पाण्याचा बंधकोन

इंग्रजीत भूमितीतल्या कोनालाही ‘अँगल’ म्हणतात आणि जिच्यावरून इंग्लंडला नाव पडले त्या जमातीलाही ‘अँगल’च. दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले. कोनाचा अँगल लॅटिन ‘अँग्युलस’पासून फ्रेंचमार्गे आला, तर जमातीचे नाव जर्मॅनिक असून ते आजच्या जर्मनीच्या उत्तर टोकाला, बाल्टिक किनाऱ्यावरील आंगेल्न या भूभागाशी जोडले जाते. हा भूभाग गळासारखा वाकलेला असल्याने त्याला हे नाव मिळाले, असे अनेक अभ्यासक मानतात. हे मत ग्राह्य धरले, तर दोन्ही शब्द ‘वाकणे’ या अर्थाच्या एकाच इंडो-युरोपीय धातूपर्यंत पोचतात आणि माहुताच्या हातातला आपला ‘अंकुश’ त्यांचा चुलतभाऊ ठरतो.

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 98च्या सुमारास या जमातीची नोंद केली. पाचव्या शतकापासून हे लोक समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये स्थिरावले आणि नॉर्थम्ब्रिया, मर्शिया, ईस्ट अँग्लिया ही राज्ये उभी राहिली. इसवी सन 731मध्ये बीड या भिक्षूने त्यांच्या मूळ भूमीचे नाव लॅटिनमध्ये ‘अँग्युलस’ असेच लिहिले. म्हणजे लॅटिन वाचकाला तेथे सरळ ‘कोपरा’ दिसावा! मराठीतला ‘इंग्रज’ मात्र पोर्तुगीजांकडून आलेला आहे.

रेणूंमधील कोनांचा इतिहास त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. 1874मध्ये अवघ्या बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाने, आणि स्वतंत्रपणे ल बेल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, कार्बनचे चार बंध एका प्रतलात नसून चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार टोकांकडे वळलेले असतात, असे मांडले. व्हान्ट हॉफ तेव्हा पशुवैद्यक शाळेत शिकवत असल्याचे हेरून कोल्बे या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने 1877मध्ये त्याची जाहीर टिंगल केली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मात्र 1901मध्ये व्हान्ट हॉफलाच मिळाले.

हे कोन असेच का असतात, याचे सोपे उत्तर गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी 1957मध्ये नेटके मांडले: इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींना दूर सारतात. सारख्या आकाराचे चार फुगे तोंडाशी एकत्र बांधले, की ते आपोआप चतुष्फलकाच्या दिशांना वळतात, तसेच हे आहे. मिथेनमध्ये दोन बंधांमधला कोन, म्हणजे बंधकोन, 109.5 अंश असतो. अमोनियात एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली, जोडी अधिक जागा व्यापत असल्याने तो सुमारे 107 अंशांवर येतो, आणि पाण्यात अशा दोन जोड्या असल्याने 104.5 अंशांवर. पाण्याचा रेणू असा वाकलेला नसता, तर त्याच्या दोन बंधांची ध्रुवीयता (एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण असणे) परस्परविरुद्ध होऊन नाहीशी झाली असती आणि मीठ त्यात इतक्या सहज विरघळले नसते.