सातवी शिकलेली आई आणि दहावीचं विज्ञान

एका पालकसभेत एक आई म्हणाली, “मी सातवीतनं शाळा सोडली. दहावीचं मला काय कळणार? क्लास लावलाय, पुढचं त्याचं त्याला.” शेजारच्या चार-पाच जणींनी माना डोलावल्या. लहानपणी रोज पाढे म्हणून घेणारे पालक आठवी-नववी आली की असे मागे सरतात. विषय कळत नाही म्हणजे आपला उपयोग संपला, हा समज मला खोडून काढायचा आहे.

नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी २००९ मध्ये, प्राथमिक शाळा नुकतीच मागे टाकलेल्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र करून तपासले. गृहपाठातली मदत आणि गुण यांचा ठाम संबंध काही दिसला नाही. (ज्याला जमत नाही त्यालाच मदत जास्त मिळते, हेही त्यामागे असणार.) सगळ्यांत घट्ट संबंध निघाला तो घरातल्या बोलण्याशी: शिकून पुढे काय करायचं, आज शिकलेलं कुठे लागतं, आमची तुझ्याकडून काय अपेक्षा आहे. या बोलण्याला बीजगणित लागत नाही.

आणि आईला विषय येत नाही, याचा तर फायदाच करून घेता येतो. तो कसा, ते स्मरणशक्तीच्या एका प्रयोगातून कळतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार सत्रं तो नुसता वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला, साधारण तीन-साडेतीन वेळा, आणि उरलेली तीन सत्रं उतारा न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१! आपल्याला जास्त लक्षात राहील, अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

असं का व्हावं? आठवण ही कपाटात ठेवलेली वही नाही. ती मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, चेतापेशींच्या जाळ्यात विखुरलेली असते. एखादा धागा हाती लागला की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यावरून उरलेलं जाळं पुन्हा जागं करतो, आणि सोबत चेतलेल्या पेशींमधले जोड बळकट होतात. पुस्तक समोर उघडं असेल तर हा शोध घ्यावाच लागत नाही. ओळ ओळखीची वाटते आणि ‘येतंय मला’ असा भास होतो. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं; परीक्षेत बहुतेक वेळा दुसरं लागतं.

हे करायला महागडे क्लास लागत नाहीत. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’, म्हणजे मध्यमेंदू जागा करण्याच्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे हजारो रुपये घेतले जातात. मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचं आकुंचन अशी कामं करतो. पट्टीआडून तो वाचत नाही. पट्टीच्या फटीतून डोळे वाचतात. हा धंदा शुद्ध फसवणूक आहे. ते पैसे वाचवा.

त्याऐवजी स्वयंपाक करताना मुलाला ओट्याजवळ बोलवा. पातेल्यातल्या पाण्यात पळी तिरकी बुडवा आणि विचारा, “ही वाकडी का दिसते रे?” प्रकाशाचं अपवर्तन, म्हणजे पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचं वळणं, त्याच्या पुस्तकात आहे. पुस्तक मिटलेलं असताना त्याला ते आठवून, सोपं करून सांगावं लागेल. तुम्हाला कळलं नाही तर तसं म्हणा. मग तो दुसरं उदाहरण शोधेल आणि त्याचा धागा नेमका कुठे तुटतो, ते त्याचं त्यालाच दिसेल. अडला तर रागावू नका, पुस्तक बघून येऊ द्या. चूक तिथल्या तिथे दुरुस्त झाली की बरोबर उत्तर पक्कं बसतं. चार दिवसांनी, विसरायला लागला असेल तेव्हा, तेच पुन्हा विचारा: “परवा ते पळीचं काय सांगत होतास?”