समोच्च रेषा

समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी नकाशावरील रेषा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांवर या रेषा तपकिरी असतात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात लगतच्या दोन रेषांमध्ये बहुधा २० मीटरचे अंतर धरतात. नेमका आकडा समासात छापलेला असतो आणि तो आधी पाहावा. दर पाचवी रेषा ठळक असते. ७०० आणि ७२० च्या रेषांच्या बरोबर मधोमध वाडी असेल, तर तिची उंची साधारण ७१० मीटर. त्रिकोणाजवळ किंवा ठिपक्याजवळ छापलेला आकडा मात्र त्या जागेची मोजलेली उंची सांगतो. आकड्यापुढे इंग्रजी ‘आर’ अक्षर असेल, तर ती लगतच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली समजावी. जुन्या एक इंचास एक मैल प्रमाणाच्या नकाशांत उंची फुटांत असे. कळसूबाईचे १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट.

चढ कुठे आणि उतार कुठे, हे एकट्या रेषेवरून कळत नाही. त्यासाठी निळा ओढा शोधावा. ओढा ओलांडताना रेषेचे टोक नेहमी उगमाकडे वळते. डोंगराच्या सोंडेवर उलट, टोक उताराकडे असते. दोन शिखरांमध्ये रेषा आत ओढल्या गेल्या की तिथे खिंड. रेषा विरळ असतील तर पठार, दाट असतील तर तीव्र उतार: दोन मिलिमीटरमध्ये पाच रेषा बसल्या, तर शंभर मीटर चालीत शंभर मीटर चढ, म्हणजे ४५ अंश. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या सरळ कड्यावर त्या जवळजवळ एकमेकींवर चढतात.

सह्याद्रीत फिरणाऱ्याने एक मर्यादा कायम ध्यानात ठेवावी. दोन रेषांमध्ये काय आहे ते नकाशा दाखवत नाही. नाळेतला, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीतला पंधरा मीटरचा कातळटप्पा, जिथे दोराशिवाय उतरता येत नाही, तो २० मीटरच्या अंतरात सहज लपतो. म्हणूनच नकाशात नाळ सलग उतरताना दिसली तरी गावातल्या जाणत्या माणसाला वाट विचारूनच निघावे.

या रेषांच्या आरंभीच्या वापराची एक कथा मोठी सुंदर आहे. पृथ्वीची घनता काढण्यासाठी १७७४ मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगरावर मोजणी झाली. डोंगराचे आकारमान काढायला बसलेल्या चार्ल्स हटन यांनी नकाशावर विखुरलेल्या उंचीच्या आकड्यांतले सारखे आकडे रेषेने जोडले, आणि कागदावर डोंगराचा आकार उमटला.