बावीस हजार तुकड्यांचं झाकण

लांबी २४ सेंटिमीटर, रुंदी १६. म्हणजे साधारण शाळेच्या वहीएवढं पेटीचं झाकण. ते दोन मिलिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणांनी काठोकाठ भरायचं ठरवलं, तर जवळपास २२ हजार तुकडे लागतात. चिमट्याने एकेक उचलून चिकटवायला बसलं तर जन्म जाईल. पण जुन्या ‘बॉम्बे बॉक्स’ ज्या पद्धतीने घडत, त्या पद्धतीने हेच झाकण पावणेदोनशेच्या आत काड्या तासून होतं.

बारीक तुकड्यांच्या या जडावकामाला सादेली म्हणतात. शिराझहून सिंधमार्गे ते सुरतेत आणि मुंबईत आलं, असं सांगितलं जातं. इराणमध्ये याचंच सख्खं भावंड ‘खातम’ या नावाने शिराझ आणि इस्फहानमध्ये आजही चालतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बनलेल्या लिखाणाच्या पेट्या, शिवणकामाच्या पेट्या, हातमोज्यांचे डबे साहेबांच्या सामानातून इंग्लंडला गेले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही हे काम मांडलेलं होतं. पारशांमधलं पेटीगरा हे आडनाव पेटी घडवणाऱ्यांचं, आणि सुरतेत या कामाशी ते जोडलेलं आहे. मुंबईत डॉक्टरकी केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली यातला माल नोंदवून ठेवला: कथलाची तार, चंदन, आबनूस, पतंग नावाच्या झाडाचं लाल लाकूड, पांढरा आणि हिरवा रंगवलेला हस्तिदंत, सांबरशिंग.

युक्ती ज्याने आळूवडी केली आहे त्याला लगेच कळेल. उंडा एकदा नीट वळला की कापलेल्या प्रत्येक वडीवर तेच वेटोळं येतं. सादेलीत उंड्याच्या जागी कांडी असते. त्रिकोणी काड्या सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडून फूटभर लांबीची कांडी बांधायची, तिचं टोक पाहिलं की फूल दिसतं, आणि मग तिच्या पातळ चकत्या पाडायच्या. दीड मिलिमीटरची चकती आणि करवतीच्या पात्यात भुसा होऊन जाणारा ०.६ मिलिमीटर धरला, तर ३०० मिलिमीटरच्या कांडीतून सुमारे १४० सारखी फुलं निघतात. सहा त्रिकोणांचा एक षटकोन, सात षटकोनांचं एक फूल: एका कांडीत ४२ काड्या. अशा चार कांड्यांत, म्हणजे १६८ काड्यांत, आपलं झाकण भरतं. काठाला अर्धवट कापली जाणारी आणि हातात फुटणारी फुलं धरून शहाण्याने पाचवी कांडी बांधून ठेवावी.

हिशेब सोपा आहे, तासणं नाही. काडीचा कोन बरोबर ६० अंश हवा. प्रत्येक काडीत अर्ध्या अंशाची चूक झाली तर सहा काड्यांत ती तीन अंश होते. सहावी काडी एक तर आत जात नाही, नाही तर तिच्या बाजूला फट राहते. हातात ही फट दिसतही नाही. पण त्याच प्रमाणात चुकलेला, पाच मिलिमीटर त्रिज्येचा षटकोन असेल तर काठावर ती पाव मिलिमीटर भरते, आणि चकती पॉलिश झाली की काळ्या रेघेसारखी डोळ्यांत खुपते. म्हणून काडी डोळ्यांच्या अंदाजाने तासत नाहीत. टणक लाकडाच्या ठोकळ्यात ६० अंशांची व्ही आकाराची खाच पाडतात, खोली १.७३ मिलिमीटर. काडी खाचेत बसवायची आणि वर डोकावणारा भाग ठोकळ्याच्या पातळीला येईपर्यंत रंध्याने किंवा कानशीने काढायचा. बाजू आपोआप दोन मिलिमीटरची होते. इथे एक फसगत असते. ठोकळाही थोडा थोडा तासला जातो, खाच उथळ होते, आणि शेवटच्या काड्या पहिल्यांपेक्षा बारीक निघतात. दर थोड्या काड्यांनंतर खाच मोजायची, किंवा ठोकळा पोलादी करून घ्यायचा.

हस्तिदंताचा प्रश्न १९८६ आणि १९९१ साली वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्त्यांनी मिटवला. त्याचा व्यापार बंद आहे, आणि तो बंदच बरा. पांढऱ्यासाठी आता उंटाचं हाड किंवा अ‍ॅक्रिलिक वापरतात. पिवळ्यासाठी हेदूचं लाकूड उत्तम. त्याचा पोत इतका बारीक की पूर्वी त्याच्या फण्या होत. कथील मात्र बदलू नये. ते मऊ असतं, लाकडाच्या करवतीने लाकडाबरोबरच कापलं जातं. पितळेची तार घातली तर करवत लाकडात सरळ चालते आणि तारेपाशी अडखळते. मग चकती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ.

जोडायला सरस. खडे थंड पाण्यात रात्रभर भिजवायचे, वजनाने एक भाग सरसाला दोन भाग पाणी, आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात भांडं ठेवून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवायचा. उकळला की त्यातली लांब प्रथिनं तुटतात आणि चिकटपणा जातो. कथलाला सरस नुसता धरत नाही. तारेवर बारीक काचकागद मारतात आणि लसणाची पाकळी घासतात. ही युरोपातल्या धातूच्या जडावकामातलीही जुनी रीत आहे. हल्ली धातूसाठी इपॉक्सी लावणारेही आहेत, आणि ते चुकत नाहीत. काड्या एकत्र धरून सुतळीने टोकापासून टोकापर्यंत घट्ट वेढे द्यायचे. वेढे सैल पडले की मधल्या काड्या घसरतात आणि कांडीच्या एका टोकाला फूल नीट दिसतं, दुसऱ्या टोकाला चुरगळलेलं.

आणि मग थांबायचं. सरसातलं पाणी लाकडात शिरलेलं असतं, काड्या सांध्यापाशी किंचित फुगलेल्या असतात. दुसऱ्याच दिवशी कांडी कापली तर चकती गुळगुळीत दिसते खरी, पण पुढच्या दोन आठवड्यांत पाणी निघून जातं, काड्या आक्रसतात आणि सांधे उघडे पडू लागतात. बोट फिरवलं की जाळीसारखं लागतं. दोन-तीन आठवडे कांडी पडू द्यावी. या कामात सगळ्यात जास्त माल उतावळेपणाने वाया जातो.

आता या पेटीतली खरी गंमत. लाकूड म्हणजे गवताची घट्ट बांधलेली पेंढी समजा. पाणी शिरतं ते काड्यांच्या भिंतींतल्या सेल्युलोजच्या धाग्यांमध्ये, आणि धागे एकमेकांपासून दूर सरकतात. पेंढी जाड होते, लांब होत नाही. सागाचं लाकूड ओलं असताना आणि पूर्ण वाळल्यावर मोजलं तर वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आक्रसतं, गाभ्यापासून सालीच्या दिशेने २.५ टक्के, आणि लांबीत जेमतेम एखाद दशांश टक्का. आडव्या दोन दिशांत एवढा फरक पडायचं एक कारण म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे. ते त्या दिशेने लाकडाला आवळून धरतात. लाकडी सामानातले बरेचसे सांधे, दाराच्या चौकटीत सैल बसवलेल्या फळ्याही, या एका गोष्टीची सोय म्हणूनच आहेत.

झाकणाची फळी शिवणीची घेऊ. शिवण कमी हलणारं लाकूड, म्हणून वाद्यांनाही चालतं. मुंबईच्या पावसाळ्यात त्यातला ओलावा १५-१६ टक्क्यांवर जातो, कोरड्या हवेत ९-१० वर येतो. सहा टक्क्यांच्या या फरकात १६० मिलिमीटर रुंदीची फळी दीड मिलिमीटर रुंदावते. लांबीत ती जवळजवळ तेवढीच राहते. पण तिच्यावर बसवलेली चकती काडीला आडवी कापलेली आहे. वर दिसतं ते पेंढीचं टोक. म्हणजे चकतीतलं लाकूड दोन्ही दिशांना फुगू पाहतं, खालची फळी एकाच दिशेला, आणि मधलं कथील कुठेच नाही. वीस अंशांनी तापमान वाढलं तरी दहा मिलिमीटर कथील जेमतेम ०.००५ मिलिमीटर वाढतं. तेवढंच लाकूड पावसाळ्यात ०.१ मिलिमीटर, म्हणजे वीसपट. कागदावर पाहिलं तर ही पेटी पहिल्याच पावसात उलायला हवी.

ती टिकते ती तुकडे लहान असल्यामुळे. १६० मिलिमीटरमध्ये साधारण ९० सांधे येतात. दीड मिलिमीटरची ओढाताण ९० जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१७ मिलिमीटर येतं, केसाच्या जाडीच्या पाव हिस्सा. दमट हवेत सरस स्वतःही पाणी पितो आणि जरा मऊ होतो; तेवढं तो पोटात घेतो, उरलेलं मऊ कथील दबून झेलतं. अशा पेट्यांत आधी सुटतात त्या कडेच्या लांब पट्ट्या, विशेषतः फळीच्या रुंदीवर आडव्या लावलेल्या. तिथे अख्खी हालचाल एकाच तुकड्याच्या दोन टोकांवर येते. जी पेटी मुंबईत १५ टक्क्यांवर घडली आणि थंडीत हीटर लावलेल्या बंद खोलीत ६-७ टक्क्यांवर वाळली, तिची पट्टी उचलली गेली तर दोष सरसाचा नाही.

म्हणून नवी पेटी करताना फळीवर डोकं लावावं. एकच रुंद फळी घेऊ नये. तीन अरुंद पट्ट्या जोडाव्यात, आणि त्या अशा चिरलेल्या की वर्तुळांच्या रेघा जाडीत उभ्या दिसतील. हालचाल निम्म्यावर येते. किंवा सरळ चांगला मरीन प्लाय घ्यावा. प्लायचं नाव काढलं की नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, पण आडव्या-उभ्या थरांनी एकमेकांना धरून ठेवणं हेच तर इथे हवं असतं, आणि वरून तो दिसतही नाही.

चकत्या लावण्याआधी त्यांच्या पाठीवर पातळ सरसाचा एक हात देऊन वाळवायचा. टोकाकडचं लाकूड नळ्यांसारखं सरस ओढून घेतं; हा हात नसेल तर खरा सरस आत मुरतो आणि सांध्यात काहीच उरत नाही. नक्षी आधी कागदावर उलटी मांडून घ्यायची आणि पूर्ण तावच उचलून बसवायचा. पेटी चारी बाजूंनी बंद जोडून, वर नक्षी चढवून, मग करवतीने झाकण वेगळं काढलं तर झाकण आणि पेटीवरची नक्षी जुळते. त्या कापासाठी नक्षीत एक मिलिमीटर जागा आधीच सोडावी लागते.

घासताना कथील पुन्हा त्रास देतं. त्याची काळपट पूड हेदूच्या आणि चंदनाच्या छिद्रांत बसते आणि पिवळं लाकूड राखाडी होतं. धुऊन ते निघत नाही. म्हणून आधी चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, पातळ हात, मग धारदार पोलादी पात्याने खरवडणं. बोटाखाली काचकागद धरला तर मऊ लाकूड जास्त जातं आणि हाड वर उभं राहतं. शेवटचं पॉलिश चपड्याचंच, लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम, पण पाऊस धरलेल्या दिवशी नको. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ तिथे जमते आणि पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. चंदनाचा वास राहावा म्हणून आतली बाजू कोरी ठेवायचा मोह होतो. मग झाकण आतून जास्त ओलावा घेतं आणि पावसाळ्यात आतल्या बाजूला फुगून येतं. आतून किमान एक हात द्यावा. वास थोडा कमी होईल.

जुन्या पेटीची चकती सुटली तर फेविकॉल किंवा सुपरग्लू लावू नये. मुळातला सरस गरम पाण्याने मऊ होतो, साफ निघतो आणि त्याच जागी नवा सरस बसतो. वर दुसरा गोंद आला की ती सोय संपते. सुटलेले तुकडे कागदाच्या पुडीत घालून पेटीतच ठेवावेत. चकती हरवलीच, तर एका नाण्यापेक्षा लहान फुलासाठी कारागिराला ४२ काड्या तासून अख्खी कांडी बांधावी लागते. उरलेल्या १३९ चकत्यांचं काय करायचं, ते त्याचं त्याने ठरवायचं.