दाढ मागे न्यायची प्लेट बसत नाही, तेव्हा

डॉक्टर, "प्लेट बसत नाहीये" असा आमच्या लॅबला फोन आला की मी आधी एकच विचारते, दातांचं माप घेतल्यावर त्यात स्टोन (मॉडेलचं कडक प्लास्टर) किती वेळाने ओतला? आणि उत्तर बहुतेक वेळा हेच, अहो सकाळीच घेतलेलं, तुमचा माणूस संध्याकाळी येईपर्यंत वाटीत पाण्यात ठेवलं होतं. तिथेच घात होतो. अल्जिनेट, म्हणजे ज्यात माप घेता ते मटेरियल, उघडं राहिलं तर पाणी सुटून आकसतं, पाण्यात ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं. ओल्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत घातलं तर थोडा वेळ मिळतो, पण पंधरा-वीस मिनिटांत स्टोन ओतलेला सगळ्यात बरा.

साध्या रिटेनरला (सरळ झालेले दात जागेवर ठेवणाऱ्या प्लेटला) हे एखादवेळी खपून जातं, पण सहा नंबरची (पहिली मोठी) दाढ मागे न्यायची प्लेट पकडीवरच चालते. चारांवर (पहिल्या उपदाढांवर) ०.७ मिमीच्या वायरचे अ‍ॅडम्स क्लास्प, म्हणजे प्लेट दाताला धरून ठेवणाऱ्या तारेच्या पकडी, आणि सहाच्या पुढच्या अंगाला ०.५ मिमीची स्प्रिंग. स्प्रिंग दाढेला मागे रेटते तेवढ्याच जोराने प्लेट पुढे रेटली जाते, मग क्लास्प ढिला असला की पोरगं दिवसभर जिभेने प्लेट खाली-वर करत बसतं, दाढ जागच्या जागी आणि महिना वाया.

दुसरं म्हणजे मापात चाराच्या हिरडीशी आलेला बुडबुडा. मॉडेलवर तिथे मोहरीएवढी गाठ येते, ती सुरीने खरवडली की क्लास्पचं टोक नेमकं जिथे शिरायचं ती खाचच आमच्या अंदाजाने बनते. म्हणून असं मॉडेल आलं की वायर वाकवायच्या आधी आम्ही फोन करतो. काही जणांना राग येतो, पण चार दिवसांनी तोंडात न बसणारी प्लेट देण्यापेक्षा तो राग परवडला. चांगल्या स्टोन मॉडेलवरची प्लेट बसली नाही तर दुसरी फुकट करून देतो, अल्जिनेटचं मापच पाठवलंत तर मात्र ती हमी नाही. क्लिनिकमधला स्टोन संपला असेल तर सांगा, पिकअपच्या माणसाबरोबर पाठवते, बिलात लावू.

पुढच्या दातांमागे बाईट प्लेन (खालचे पुढचे दात टेकायचा प्लेटवरचा सपाट कट्टा) आम्ही न विचारता देतो, कारण वरखालच्या दाढा एकमेकींत अडकल्या तर सरकणार कशा. आणि सात नंबर (सहाच्या मागची दाढ) पूर्ण वर आलेली असेल तर नुसत्या प्लेटवर फार भिस्त ठेवू नका, आमची ऑर्डर गेली तरी चालेल.

चिठ्ठीवर बाजू, किती मिमी न्यायचंय आणि सात आलीय का, एवढं लिहाच.