थंडी मध्येच कुठे जाते?

दिवाळी उलटते, स्वेटर कपाटाबाहेर येतात, चार-सहा पहाटा बऱ्यापैकी गार जातात आणि एकाएकी रात्री पंखा लावावा लागतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हे जवळपास दरवर्षीचं आहे. अशा वेळी आठवड्याचा हवामान अंदाज उघडला की बहुतेकांची नजर कमाल तापमानावर जाते. पण गोष्ट घडत असते ती किमान तापमानाच्या रकान्यात.

ढगाळ दिवसांत कमाल तापमान उलट एखाद-दोन अंशांनी उतरतं. समजा, पुण्याच्या अंदाजात 'कमाल 29, किमान 20, आकाश अंशतः ढगाळ' असं दिसलं. 29 मध्ये विशेष काही नाही. पण या दिवसांत पुण्याची पहाट साधारण 13-14 अंशांची असते, त्यामुळे 20 म्हणजे थंडी गायबच. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असेल तर ती थेट निघून जाते. ढग आणि बाष्प मात्र तिचा मोठा भाग शोषून पुन्हा खाली पाठवतात. जमिनीवर गोधडीच पांघरल्यासारखी!

हे बाष्प येतं बहुधा बंगालच्या उपसागरातून. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. 30 नोव्हेंबर 2024 रोजी 'फेंगल' पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि विरत विरत दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे सरकलं. आपल्याकडे वादळ आलं नाही, पण त्याच्यामुळे दमट वारे आणि ढग आले. आठवड्यापूर्वी गारठलेल्या महाराष्ट्रातली थंडी तेवढ्यात पळाली.

म्हणून तापमानाच्या आधी वाऱ्याची दिशा बघावी. पूर्व किंवा आग्नेयेकडून वारा असेल तर रात्री उबदार राहणार. त्याच्या जोडीला दवबिंदू मिळाला तर उत्तम. हवा ज्या तापमानाला थंड झाली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं, तो दवबिंदू. तो 18 असेल तर पारा 18 च्या आसपास घुटमळतो, कारण दव किंवा धुकं तयार होताना उष्णता बाहेर पडते. तो 8 असेल तर पारा घसरायला पुष्कळ वाव असतो.

आता भरवशाचं. पहिल्या तीन-चार दिवसांचा अंदाज चांगला असतो, पुढे तो सैल होत जातो. मोबाईलवर दहाव्या दिवसापुढे दिसणारे '14 अंश' मी तरी मनावर घेत नाही. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, त्यातले तापमानाचे नकाशे आठवड्याच्या सरासरीचे असतात. तिथे 'सरासरीपेक्षा जास्त' लिहिलेल्या आठवड्यात चार रात्री उकाड्याच्या आणि तीन चक्क गार असू शकतात. ही तुलना होते अनेक वर्षांच्या सरासरीशी. लहानपणीच्या थंडीशी नव्हे.

शहरात हा सगळा प्रश्न पांघरुणाचा. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारासाठी तो फवारणीचा. ऑक्टोबर छाटणीच्या बागा याच सुमारास फुलोऱ्यात किंवा मणी सेट होण्याच्या अवस्थेत असतात. ढगाळ हवा आणि रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे डाऊनी या बुरशीजन्य रोगाला आमंत्रण. पाऊस झालाच तर घडकूज. कांद्यावर करपा येतो. गव्हाला फुटवे फुटायला गारवा हवा, तोही लांबतो. त्यांच्यासाठी जिल्हावार कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पावसाचे आकडे असतात तसेच आर्द्रतेचे आणि वाऱ्याचेही असतात. फवारणीचा दिवस ठरवताना तेच जास्त उपयोगी.

थंडी परतण्याची चाहूल उत्तरेत लागते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला, मध्य प्रदेशावरचं आकाश मोकळं झालं आणि वारा उत्तरेकडून वाहू लागला की साधारणपणे आधी धुळे-जळगावचा पारा उतरतो, मग नाशिकचा, मग पुण्याचा. मुंबईकरांना मात्र समुद्रावरचा वारा थांबून जमिनीवरचा कोरडा वारा सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागते.