ब्रेडचा समोसा तेल कधी पितो?

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत ब्रेडचं पाकीट उघडलं की दोन-तीन दिवसांत बुरशीची धास्ती. त्यामुळे आमच्या परळच्या घरी उरलेल्या स्लाइसचे समोसे ठरलेले. कडा काढायच्या, बटाटा-मटारचं सारण भरायचं, काठाला मैद्याची खळ लावायची. मळणं नाही, पारी लाटणं नाही. एकच दुखणं होतं, पहिला घाणा तेलाने निथळायचा. "ब्रेड तेल पितो गं," आई म्हणायची. पितो, हे खरंच. पण नेमका कधी, हे समजल्यावर माझी तळायची रीतच बदलली.

आधी नेहमीच्या समोशाकडे बघू. मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. समोशाला हे जाळं फार नको असतं, म्हणून आपण मोहन घालतो. तूप किंवा तेल मैद्याच्या कणांना वेढून पाण्याला अडवतं, जाळं तोकडं राहतं आणि पारी खुसखुशीत होते. ती कच्ची असल्यामुळे मंद आचेवर, सावकाश तळावी लागते.

ब्रेडचं उलटं आहे. तो भट्टीतून भाजूनच आलेला असतो. त्यातलं ग्लुटेन तिथेच घट्ट झालेलं, स्टार्च पाणी शोषून शिजलेला. कढईत फक्त वरचा थर सुकवून तांबूस करायचा उरतो. म्हणून समोशाची मंद आच इथे लावली की ब्रेड विनाकारण तेलात लोळत बसतो.

आता तेलाची गोष्ट. स्लाइसच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं, आणि आकारमानात निम्म्याहून अधिक जागा नुसत्या हवेची. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या तेलात समोसा सोडला की या पाण्याची वाफ होते आणि छिद्रांतून जोरात बाहेर येते. कढईतले बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरणं अवघड जातं. ब्रेडची छिद्रं मोठी, त्यामुळे थोडं तेल तेव्हाही शिरतं, तेल नीट तापलेलं नसेल तर जास्तच. पण बटाट्याच्या चिप्सवरच्या प्रयोगांत दिसलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: बरंचसं तेल पदार्थ कढईबाहेर आल्यावर आत जातं! समोसा निवायला लागतो, छिद्रांतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. ती आक्रसली की आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पृष्ठभागावरचं तेल आत ढकलते.

म्हणजे समोसा बाहेर काढल्यानंतरचे पहिले काही क्षण महत्त्वाचे. झारा कढईवरच झटकायचा, समोसे लगेच चाळणीत उभे करायचे किंवा कागदावर टिपायचे. एकावर एक रचले तर खालच्याला वरच्याचंही तेल मिळतं.

स्लाइसवर लाटणं फिरवायचं तेही याचसाठी. छिद्रं दबली की तेलाला जागा उरत नाही. काहीजण स्लाइस पाण्यात बुडवून पिळतात. मला ते पटत नाही. जादा पाणी म्हणजे जादा वाफ, आणि वाफ गेली की तितकीच रिकामी जागा. ओला हात फिरवला तरी पुरतं.

घडीत एक सुंदर भूमिती दडली आहे. चौकोनी स्लाइस कर्णावर कापली की काटकोन त्रिकोण मिळतो. कर्णाच्या मध्यबिंदूपासून त्याचे तिन्ही कोपरे सारख्याच अंतरावर असतात, म्हणजे हा त्रिकोण अर्धवर्तुळात चपखल बसतो. हलवाईसुद्धा गोल पारी अर्धी कापूनच समोसा वळतो. मध्यबिंदूला टोक मानून कर्णाचे दोन अर्धे एकमेकांवर आणले की शंकू तयार. फक्त त्या अर्धवर्तुळाच्या तुलनेत त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६४ टक्केच भरतं, म्हणून सारण हात राखून भरावं. खळीतला स्टार्च गरम तेलात फुगून घट्ट होतो आणि जोड धरून ठेवतो.

घडी घालताना ब्रेड तडकला तर तो शिळा आहे. शिळेपणा म्हणजे केवळ वाळणं नव्हे. शिजून विस्कटलेले स्टार्चचे रेणू पुन्हा ओळीत बसून स्फटिक होतात, आणि फ्रिजच्या थंडीत हे सर्वांत वेगाने घडतं. बुरशीच्या भीतीने फ्रिजमध्ये ठेवलेला ब्रेड म्हणूनच कडक लागतो. ६० अंशांच्या वर हे स्फटिक बरेचसे वितळतात. मी अशा स्लाइस इडलीपात्रात मिनिटभर वाफवून घेते. त्या पुन्हा लवचीक होतात.

राहता राहिला कुरकुरीतपणा. सुकलेलं कवच आतल्या ओलसर बटाट्यातून आणि बाहेरच्या पावसाळी हवेतून पाणी ओढत राहतं. त्यामुळे सारण परतून कोरडं करते, पूर्ण निवल्यावरच भरते, आणि तळलेले समोसे झाकणाच्या डब्यात न घालता चाळणीतच ठेवते.