ठिपके इतके बारीक का दिले?
(जिनिंग-प्रेसिंग, दाल मिल आणि फॅब्रिकेशनवाल्या ग्राहकांसाठी)

फोटोवरून यंत्राचं मोजमाप घेण्यासाठी आम्ही जे स्टिकर देतो, त्यांवर काळ्यात पांढरा गोल असतो, 10 मिलिमीटर व्यासाचा. तो पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला: "ठिपका मोठा असला त कॅमेऱ्याले बरा दिसन नं भाऊ?" काही जण फ्लेक्सवाल्याकडून चार इंची गोल छापून आणतात. दिसतो बराच. पण मोजणीला लागतो ठिपक्याचा मध्य, आणि मोठ्या ठिपक्याचा मध्य फोटोत सरकतो.

घरची परात घ्या. तिच्या मध्यातून खडूने दोन रेषा काढा आणि तिरक्या बाजूने, जवळून मोबाइलने फोटो काढा. फोटोत परात लंबगोल दिसेल. त्या लंबगोलाचा मध्य पट्टीने काढा: रेषा जिथे छेदतात तिथे तो येत नाही, किंचित तुमच्या बाजूला येतो. जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो, पलीकडचा लहान. म्हणून मध्य अलीकडे ओढला जातो. सॉफ्टवेअर ठिपक्याच्या कडेला लंबगोल बसवून त्याचाच मध्य धरतं. खडूच्या रेषा त्याच्यासाठी नसतातच.

ही सरक त्रिज्येच्या वर्गाने वाढते आणि कॅमेरा लांब गेला की कमी होते. ठिपका फोटोच्या मधोमध असेल, तर 45 अंशांच्या आसपास ती सर्वांत जास्त. 2 मीटरवरून, 45 अंशांतून पाहिलं तर 10 सेंटिमीटरच्या गोलाचा मध्य सुमारे 0.6 मिलिमीटर सरकतो. आमच्या 10 मिलिमीटरच्या ठिपक्याचा 0.006. व्यास दहापट, चूक शंभरपट. शाफ्टच्या बेअरिंग-बैठका एका रेषेत आहेत का हे पाहायचं असेल, तर अर्धा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झालं.

"मग फोटो जास्त काढू" हा उपाय इथे चालत नाही. हात हलला, उजेड कमी पडला, अशा चुका इकडे-तिकडे विखुरतात आणि सरासरीत विरतात. ही चूक दरवेळी कॅमेऱ्याच्याच बाजूला जाते. एका अंगाने पन्नास फोटो काढले तरी पन्नासांतही तीच. दोन्ही अंगांनी काढले तर आडवी सरक एकमेकींना कापते, पण ठिपका पृष्ठभागाच्या आत धसल्यासारखा निघतो. तरीही दोन्ही अंगांनी काढाच. मोजणीला ते इतर कारणांनी लागतात.

फार बारीक ठिपकाही नको. फोटोत तो दहा-पंधरा पिक्सेल तरी भरला पाहिजे, नाहीतर कडच सापडत नाही. शेडच्या कैचीसारखं काम लांबून करावं लागतं, तिथे आम्ही एकात एक दोन गोल असलेले मोठे स्टिकर देतो. दोन्ही गोलांचे मध्य वेगवेगळे सरकतात, आणि त्या फरकावरून खरा मध्य गणिताने काढता येतो.

ड्रोनने शेत मोजून घेणाऱ्यांनी हे सगळं सोडून दिलं तरी चालेल. 60 मीटर उंचीवरून 60 सेंटिमीटरच्या खुणेचा मध्य एक मिलिमीटरही सरकत नाही, आणि तिथला हिशेब सेंटिमीटरांचा असतो.

स्टिकर सपाट जागीच लावा. शाफ्टच्या किंवा पाइपच्या गोलाईवर वाकलेला ठिपका मुळात वर्तुळ राहत नाही. लॅमिनेशन करू नका, फ्लॅशने चकाकतं. जिनमध्ये रुईचे तंतू ठिपक्यावर बसून एका बाजूची कड झाकतात; फोटोआधी कोरड्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधलं काम शक्यतो सकाळीच घ्या: 2 मीटरची लोखंडी तुळई 20 अंशांनी तापली की जवळपास अर्धा मिलिमीटर लांबते, म्हणजे चार इंची ठिपक्याएवढाच घोटाळा. सोबत दिलेल्या दोन्ही मापपट्ट्या फोटोत आल्या पाहिजेत, एक उभी आणि एक आडवी.

झूम करू नका, जवळ जा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान केले जातात. यंत्राचं नाव आणि फोटो काढल्याची वेळ लिहा. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे दुरुस्तीसाठी मापं हवी असतील तर पोळ्यापर्यंत फोटो आमच्याकडे यायला हवेत.